बापूरावांच्या गाडीचा मूळ रंग

सिंदेवाहीत बापूराव खोब्रागडे यांच्या गाडीच्या रंगाबद्दल तीन मतं होती. शेजारचे पोस्टमास्तर ती राखाडी आहे म्हणत. राइस मिल चालवणारा पत्रू ती हिरवट आहे म्हणत असे, आणि भर उन्हात बघितली की त्याचंही खरं वाटे. बापूरावांच्या पत्नी मीराबाई यांचं म्हणणं, की तो रंग नव्हेच, पूर्वी तिथे रंग होता त्याची ती खूण आहे. खुद्द बापूराव या वादात पडत नसत. बावन्नाव्या वर्षी माणसाला कुठल्या वादात पडायचं नाही एवढं कळू लागतं.

गाडी एकसष्ट सालची अँबॅसडर होती. ती त्यांच्याकडे कशी आली हे सांगायला बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल. चालत होती, एवढं पुरे. अंगणातल्या चिंचेखाली ती उभी असे आणि चिंचेवरची वानरं टपावरून पुढच्या काचेवर घसरत खाली येत. त्यांच्या नखांचे ओरखडे टपावर होते. डाव्या बाजूला जंगलातल्या रस्त्यावर बांबूनं ओढलेल्या चार लांब रेघा होत्या. मागच्या दारावर कुणीतरी खिळ्यानं बदामाचा आकार कोरला होता. बदामात नाव मात्र नव्हतं. कोरणाऱ्याची हिंमत तिथवरच पुरली असावी. बापूराव धान संशोधन केंद्रात कृषी सहाय्यक होते, रोज सायकलनं जात, आणि गाडी फक्त रविवारी पुसत.

हे असंच चाललं असतं. पण सन त्र्याऐंशीच्या होळीनंतर दुसऱ्याच दिवशी जयंती समितीचे अध्यक्ष लटारूभाऊ अंगणात आले. त्यांच्याबरोबर जंगलाकडच्या हेटीतली, म्हणजे पाच-सहा कोसांवरच्या पाड्यावरची, रुखमा होती. लटारूभाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारली, चष्मा काढून पुसला, पुन्हा एक फेरी मारली आणि खाटेवर बसले.

"बापूराव, चौदा तारखेले बाबासाहेबाची तसबीर तुमच्या गाडीवर न्यायचं ठरलं होतं."

"ठरलं आहे ना भाऊ."

"ठरलं होतं. आता तेंदूपानाच्या ठेकेदारानं निरोप धाडला. आपली नवी जीप देतो म्हनते. डायवरसकट, हारासकट."

दरवर्षी तसबीर बैलगाडीतून निघे. मागच्या वर्षी मिरवणूक भर बाजारात असताना एका बैलानं बसकण मारली, आणि तो उठेपर्यंत दीड तास सगळे घोषणा देत तिथेच उभे होते. समितीच्या बैठकीत बापूराव त्या आठवणीनं उठले आणि आपली गाडी देतो म्हणून शब्द देऊन बसले. आयुष्यात चार लोकांसमोर उठून बोलण्याची ती त्यांची दुसरी वेळ. पहिल्या वेळेचं फळ ते नोकरीत अजून भोगत होते.

"मग जीप घ्या," बापूराव म्हणाले. त्यात थोडा रुसवा होता, पण थोडी सुटकाही होती.

कुंपणाशी उभी असलेली रुखमा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "वर्सभर आमी त्याच्याच जीपीच्या मांगं चालतो भाऊ. डोक्यावर पानाचे पुडे घेऊन. तो पुडे खराब म्हनून फेकते, आमी उचलतो. त्या दिवशी बी त्याचीच जीप पुढं अन आमी मांगं? मंग त्या दिवसात अन बाकीच्या दिवसात काय फरक राह्यला?"

लटारूभाऊंनी चष्मा पुन्हा पुसला. "बाईचं बरोबर हाये. पन बापूराव, अशा गाडीवर मले तसबीर नाई ठेवता येत. लोक म्हनतीन, बाबासाहेबासाठी याइले हेच भेटलं. चौदाच्या सकाळी मी पाहीन. चमकली तं तुमची गाडी. नाई चमकली तं जीप दारात उभी राहीनच."

ते गेले. रुखमा मात्र जाताना बापूरावांकडे नुसतं बघून गेली. त्या बघण्यानं बापूरावांचा रुसवा पार उतरला आणि त्याच्या जागी काळजी बसली. जीप पुढे निघाली तर या बाया मिरवणुकीत येणार नाहीत, आणि आल्या तर मान खाली घालून येतील. हे सगळं आता एका रंग उडालेल्या पत्र्यावर येऊन ठेपलं होतं.

सरकारी माणूस काळजी लागली की फाइल उघडतो. बापूरावांनी तपकिरी पुठ्ठ्याची फाइल घेतली, वर 'वाहन – रंग' असं लिहिलं आणि आत काय घालावं याचा विचार करत संध्याकाळ घालवली.

फाइलीत घालायला सल्ले दुसऱ्या दिवसापासून आपोआप येऊ लागले. पोस्टमास्तरांनी खोबरेल तेल सांगितलं. तेलानं गाडी तासभर खरोखर चकाकली. मग बाजाराकडची धूळ आली, आणि धुळीमागून मुंग्या आल्या. वानरांना तर टप आता नुसता घसरायला नव्हे, चाटायलाही उपयोगी पडू लागला. शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी दंतमंजन सांगितलं. त्यानं गाडीला लवंगेचा वास आला, बाकी काही झालं नाही. मीराबाईंनी कोणताच सल्ला दिला नाही. त्या फक्त रोज विचारत, "आज काय लावून राह्यले?" आणि उत्तराची वाट न बघता आत जात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की प्रश्नही असे अर्धेच लागतात.

मग पत्रू आला. येताना मिलमधल्या तुसाची राख पोतंभर घेऊन आला. धानाचं तूस मिलच्या भट्टीत जळतं, त्याची ही करडी राख. अर्धं गाव तिनं दात घासतं आणि उरलेलं अर्धं भांडी.

"भाऊ, हा लोटा पाहा," पत्रूनं पितळी लोटा पुढे केला. "तोंड दिसते का नाई?"

बापूरावांना लोट्यात आपलं दमलेलं तोंड स्वच्छ दिसलं.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण पुढे ती बापूरावांना जन्मभर छळणार होती. गेली अठरा वर्षं ते शेतकऱ्यांच्या प्रत्येक मेळाव्यात धानाच्या तुसावर बोलत आले होते. तुसात सिलिका असते, म्हणजे काचेचाच एक प्रकार, म्हणून बैलांना तूस चारू नका, दात झिजतात, हे वाक्य त्यांना झोपेतून उठवलं तरी येत असे. ज्ञान असणं आणि ते वेळेवर आठवणं ही दोन निराळी खाती आहेत, आणि त्यांच्यात पत्रव्यवहार फार हळू चालतो. बापूरावांनी ओल्या फडक्यावर राख घेतली आणि गाडीच्या पुढच्या दिव्याशेजारी तळहाताएवढी जागा घासून पाहिली. ती झळकली. मग त्यांना थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं.

रविवारचा अख्खा दिवस गेला. मीराबाईंचं एक जुनं लुगडं फडकी होऊन संपलं. बॉनेट झालं, चारही दारं झाली, टपाची एक बाजू झाली. बांबूच्या चार रेघा गेल्या, बदामही पुसट झाला. बापूरावांचे खांदे भरून आले, पण इतकं समाधान त्यांना बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. उन्हं कलल्यावर त्यांनी दोन बादल्या पाणी गाडीवर ओतलं.

राख वाहून गेली आणि गाडी दिसली. राखाडी रंगाखालून जागोजागी हिरवा निघाला होता. हिरव्याखालून उन्हानं विटून पिवळट पांढरा पडलेला आणखी एक रंग निघाला होता. त्याखालून लाल अस्तर आणि दिव्यांच्या वर तर थेट लोखंड. बॉनेट भिंतीवरच्या नकाशासारखं दिसत होतं, फक्त देश कोणते ते कळत नव्हतं.

पत्रूनं बराच वेळ बघितलं. "चमकते तं खरं," तो म्हणाला.

"ते लोखंड आहे पत्रू."

"हो जी. लोखंड चमकते."

सोमवारी केंद्रात नेमके ब्रह्मपुरीकडचे शेतकरी आले होते आणि नेमका विषय तूसच होता. बापूराव उभे राहिले आणि सिलिकेपर्यंत आले. तिथे त्यांचा आवाज बसला. पाणी पिऊन त्यांनी वाक्य पूर्ण केलं. मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "भांडे घासाले चालते का जी?"

"भांड्यांना चालते," बापूराव म्हणाले आणि खाली बसले. केंद्रातल्या लोकांना वाटलं त्यांना ऊन लागलं.

आता रंग देण्यावाचून इलाज नव्हता. लटारूभाऊंचा निरोप आला, रंगच द्यायचा तर निळा द्या. ही सूचना बापूरावांना मनापासून आवडली. पण गाडीचा रंग बदलायला मोटारींच्या ऑफिसची परवानगी लागते हे त्यांना ठाऊक होतं, आणि नियम ठाऊक असूनही मोडायचा हे त्यांच्या हाडात नव्हतं. मुळात गाडीच्या नोंदणी पुस्तकात कोणता रंग लिहिलाय हे बघायला गेले, तर रंगाच्या रकान्यात कसरीनं आरपार भोक पाडलेलं. वर मालकाचं नाव शाबूत, खाली इंजिन नंबर शाबूत. कसरीला रंगच तेवढा गोड लागला होता.

रजा टाकून ते एस.टी.नं जिल्ह्याच्या गावी गेले. तिथला कारकून सज्जन होता. त्यानं बापूरावांना खुर्ची दिली, रजिस्टर काढलं, बोट फिरवत ओळ शोधली आणि वाचलं, "रंग – पूर्वीप्रमाणे."

"पूर्वी कोणता होता?"

"ते आधीच्या रजिस्टरात असंल."

"ते बघता का?"

"ते इथं नाही ना. मागच्या साली जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. कागदपत्रांची वाटणी सुरू आहे. तुमचं रजिस्टर इकडे येते की तिकडे जाते, हे वाटणी झाल्यावरच समजंल."

बापूरावांनी घाम पुसला. "निळा द्यायचा असेल तर?"

"अर्ज तीन प्रतीत. गाडी समक्ष दाखवायची. चाळीसेक दिवस धरून चाला. आहे तोच रंग पुन्हा दिला, तर काहीच नको."

"पण आहे तो कोणता?"

"पूर्वीचाच," कारकून म्हणाला. त्याला खरोखरच मदत करायची होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि त्यामुळे बापूरावांना रागवताही येईना. चौदा तारखेला नऊ दिवस उरले होते. परतीच्या एस.टी.त त्यांना मूल गावापर्यंत जागा मिळाली नाही. उभ्या उभ्या त्यांनी ठरवलं, की यापुढे आयुष्यात कशाचाही मूळ रंग विचारायचा नाही.

घरी आले तर बाजारातले जलालुद्दीनभाई गाडीजवळ उकिडवे बसलेले. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांच्या मागची फुलं रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि हातात ब्रश नसताना ते क्वचितच दिसत. मीराबाईंनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. बापूरावांनी खुर्चीत अंग टाकून ऑफिसातली सगळी हकीकत सांगितली. जलालुद्दीनभाईंनी ती शांतपणे ऐकली. मग दाराच्या कडेला लावलेली रबराची पट्टी नखानं उचकटून ओढली.

"हे पाहा भाऊ. इथी धूप कधी लागलीच नाई. असली रंग हाच. पारवा."

पट्टीखाली दोन बोटं रुंद, स्वच्छ, निळसर करडा रंग होता, कालच दिल्यासारखा. बावीस वर्षं तो तिथे होता. बापूरावांनी त्याला हात लावला. आनंदही झाला आणि रडूही आल्यासारखं झालं, म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

जलालुद्दीनभाईंनी पोचे ठोकून काढले, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, कागदानं घासून सगळं एकसारखं केलं. रंग पंपानं मारायचा ठरला होता. पंपाला वीज लागते, आणि दहा तारखेला वादळात एक मोहाचं झाड तारांवर पडून गावाची लाइन गेली. दोन दिवस वाट बघितली. बारा तारखेला जलालुद्दीनभाई म्हणाले, ब्रशनंच मारतो, अशी सफाई आणतो की पंप शरमून जाईल. डबे उघडले तर रंग घट्ट. पातळ करायला तार्पिन हवं, आणि दोन्ही दुकानांतलं तार्पिन संपलेलं.

तेव्हा बापूरावांना आपलं ज्ञान आठवलं. राखेच्या वेळी ते आलं नव्हतं, त्याची भरपाई म्हणून आता लगेच आलं. "जवसाचं तेल घाला. जवस हे वाळणारं तेल आहे. पुस्तकात आहे."

"उकळेल पायजे ना भाऊ ते. कच्चं तेल लंबा टाइम घेते."

"तेल तेच, जलालुद्दीनभाई. गळीत धान्यावर मी प्रशिक्षण घेतलं आहे." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना कशाची तरी खात्री वाटत होती. समोरच्या माणसानंही भीड धरली. मीराबाईंच्या चटणीवर घ्यायच्या तेलाचा डबा रंगात रिकामा झाला. जवसाचं तेल वाळतं, यात बापूरावांची काही चूक नव्हती. केव्हा वाळतं, ते पान त्यांनी वाचलं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी गाडी अशी झळाळली की रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले. एक ओरखडा नाही, एक रेघ नाही. आता वानरं येऊ नयेत, कडुनिंबाचा मोहोर पडू नये, धूळ बसू नये म्हणून घरातल्या चारही मच्छरदाण्या सोडून, एकमेकींना शिवून गाडीवर ताणल्या. दोन दिवसांत खोब्रागडे कुटुंबाला डासांनी फोडून काढलं. गाडीला मात्र एक डास चावला नाही. तेरा तारखेला बापूराव दर तासाला मच्छरदाणीत शिरून बोटाचं टोक टेकवून बघत. बोट चिकटत होतं. ते बाहेर येऊन म्हणत, "आता वाळेल."

चौदा तारखेच्या सकाळी बोट चिकटतच होतं.

लटारूभाऊ पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. मच्छरदाण्या निघाल्या आणि कोवळ्या उन्हात पारवी गाडी उभी राहिली. ठेकेदाराची जीप हार घालून खरंच रस्त्यावर येऊन थांबली होती. लटारूभाऊंनी गाडीकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, चष्मा पुसायचीही गरज त्यांना वाटली नाही. "तसबीर इच्यावरच," ते म्हणाले. बापूरावांना पंधरा दिवसांचा सगळा शीण एकदम जाणवला आणि एकदम उतरला.

"भाऊ, रंग ओला हाये," जलालुद्दीनभाईंनी कानाशी लागून सांगितलं. त्यांनी घाईनं एक पाटीही रंगवून आणली होती, निळ्यावर पांढरी अक्षरं, वळणदार: हात लावू नये.

बापूरावांनी ती पाटी हातात घेतली. पुढे टपावर तसबीर असणार, मागे हजारभर माणसं असणार, आणि मध्ये ही पाटी. त्यांच्या वडिलांनी ही पाटी आयुष्यभर वाचली होती, विहिरीवर, ओट्यावर, दुकानाच्या फळीवर, कुणी ती कधी लिहून लावलेली नसतानाही. रंग निघाला तर निघू दे, हे बापूरावांना तिथेच स्पष्ट कळलं. "नको," ते म्हणाले, आणि पाटी उलटी करून चिंचेला टेकवून ठेवली.

तसबीर टपावरच्या कॅरियरला जपून बांधली. विहारासमोर गाडी थांबली आणि सगळे हात जोडून उभे राहिले. त्रिशरण-पंचशील सुरू झालं. बापूराव ओलं दार गर्दीत उघडून उतरायला धजले नाहीत. तिथेच स्टिअरिंगमागे बसून त्यांनी हात जोडले. इतक्यात पुढच्या ओळीतल्या मीराबाई दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी एकदा तसबिरीकडे पाहिलं, मग उजवा तळवा अलगद बॉनेटवर टेकवला, उचलला, तळव्याकडे पाहिलं आणि मागे सरल्या.

त्यांच्या मागे बुधूची म्हातारी आई होती. ती पुढे आली, तिनं बॉनेटवर तळवा टेकवला, कपाळाला लावला आणि बाजूला झाली. तिच्या मागे बुधू. मग शिंप्याकडे काम करणारा गुलाब. मग बायांची ओळ, मग पोरं, मग माजरीच्या कोळसाखाणीतून सुटी काढून आलेले लोक. यंदा असंच करायचं ठरलेलं दिसतं, असं समजून प्रत्येकजण शांतपणे पुढे येत होता. काचेतून बापूरावांना सगळं दिसत होतं. वंदना चालू होती, हात जोडलेले होते, ओरडणं शक्य नव्हतं. बॉनेट भरल्यावर लोक दारांकडे वळले. हे सगळं ते मिटल्या तोंडानं बघत राहिले, आणि पंचशील त्यांना त्या दिवशी फार लांबलचक वाटलं.

मिरवणूक मात्र अशी निघाली की गावानं नाव काढावं. गाडी एकदाही बंद पडली नाही. बाजारात ठेकेदार फोटो काढून घ्यायला पुढे सरसावला, पांढऱ्या सफारीत, आणि ऐटीत डाव्या बाजूच्या मागच्या दाराला टेकून उभा राहिला. फोटो झाल्यावर तो निघाला तेव्हा सफारीचा कोपरा दारालाच चिकटलेला होता. तो सोडवताना जो आवाज आला तो बापूरावांनी स्टिअरिंगमागून ऐकला, आणि दिवसभरात ते पहिल्यांदा हसले. मग त्यांनी आरशातून मागे नजर फिरवली. हेटीतल्या बाया कुठेच नव्हत्या. रुखमा नव्हती. मागून कळलं, की ठेकेदाराच्या मुन्शीनं पानं मोजून घ्यायची फळी नेमकी त्याच दिवशी हेटीत उघडली होती, आणि त्या दिवशी जो पुडे आणणार नाही त्याचं नाव हंगामातून कमी होणार होतं. ठेकेदार स्वतः तेवढा मिरवणुकीत होता.

पुढचे तीन दिवस उन्हानं रंग खडखडीत वाळला. हातांसकट. बॉनेटवर हात, दारांवर हात, डिकीवर हात. मिलमध्ये बोट गेलेल्या बुधूचा साडेचार बोटांचा हात ओळखू येत होता. चाकाच्या वर लहान पोरांचे एवढाले एवढाले. फक्त उजव्या बाजूचं मागचं दार तेवढं गुळगुळीत राहिलं होतं, कारण गाडीचा तेवढा कोपरा विहाराच्या भिंतीला लागून होता. एकही ओरखडा नसलेली गाडी बापूरावांना दीड दिवस लाभली होती. बाजारात गाडी उभी केली की लोक जमत आणि आपापला हात शोधत. पोस्टमास्तर म्हणाले, वानरांपेक्षा बरं. केंद्रातल्या साहेबांनी दोन वेळा खिडकीतून वाकून बघितलं. बापूराव खचले. आपल्यावर कोणी हसत नाही, हे त्यांना कळत होतं, तरी आपल्या हातून एक काम सरळ होत नाही ही गोष्ट मनातून जाईना.

"पहिला हात कोणी लावला तेवढं मला कळायला पाहिजे," ते शनिवारी जेवताना म्हणाले.

"मीनं," मीराबाई म्हणाल्या. "वाळला का नाई पाहून राह्यली होती." त्यांनी ताटात भात वाढला. "पाया पडाले नाई. नुसतं पाहाले. मागून समदे येतीन हे मले काय मालूम."

बापूरावांनी घास खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. रागवायलाही ताकद लागते.

रविवारी जलालुद्दीनभाई पाणी, घासायचा कागद आणि उरलेला रंगाचा डबा घेऊन आले. सगळं घासून सपाट करतो, म्हणाले, लाइन आली आहे, पंपानं मारू, यावेळी तार्पिन आणलंय. बादली भरून ठेवली. बॉनेटवर पाणी टाकणार, एवढ्यात कुंपणाशी सहा बाया येऊन उभ्या राहिल्या. पुढे रुखमा होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, बोटं पानांच्या चिकानं काळी पडलेली.

"चौदाले येता नाई आलं," ती म्हणाली. "आज फळी बंद हाये. म्हटलं, पाहून तरी येऊ."

मीराबाईंनी पाणी आणून दिलं. बाया पाणी प्याल्या आणि गाडीभोवती हळूहळू फिरल्या. हा लटारूभाऊचा, हा मंगलीच्या नातवाचा, असं एकमेकींना दाखवत होत्या. रुखमा फिरत फिरत उजव्या बाजूच्या मागच्या दाराशी आली. तिनं आपला तळवा त्या गुळगुळीत दारावर टेकवला, दाबला आणि उचलला. दारावर काही उमटलं नाही. तिनं पुन्हा एकदा दाबून पाहिला.

"वाळला बाई," ती मागच्या बाईला म्हणाली, आणि हात पदराला पुसला.

बापूराव ओट्यावर बसले होते. ते उठले. गुडघे दुखत होते, खांदे अजून भरलेलेच होते. जलालुद्दीनभाईंच्या हातातला भिजवलेला कागद त्यांनी काढून घेऊन बादलीत टाकला, रंगाचा डबा उघडला आणि ब्रश बुडवला. मग त्या दारासमोर उकिडवे बसून वरपासून खालपर्यंत, आडवा, जाडसर हात ओढू लागले. ब्रशाचे पट्टे दिसत होते, कडेला ओघळ येत होते.

दार पुरं रंगवून झाल्यावर बापूराव बाजूला सरले आणि पायरीवर बसले.

"या," ते म्हणाले. "सावकाश या. वाळू देत नाही."